दुधाची गाठ म्हणून गेलेले तीन महिने

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझी मोठी बहीण 33 वर्षांची, पारोळा तालुक्यात दिलेली. धाकटी मुलगी नऊ महिन्यांची, अजून अंगावर पिते. तीन महिन्यांपूर्वी डाव्या स्तनात गाठ लागली. दुधाची गाठ म्हणून गोळ्या आणि शेक झाला. गाठ वाढत गेली तेव्हा जळगावला सोनोग्राफी आणि सुईची तपासणी केली, तर कॅन्सर निघाला. गाठ साडेतीन सेंटिमीटर, काखेत एक, रिपोर्टवर ग्रेड 3 आणि ट्रिपल निगेटिव्ह लिहिलंय. आमच्यात कुणालाच कॅन्सर नाही. एक आत्या चाळिशीत पोटात पाणी होऊन गेली, तेवढंच. एवढ्या कमी वयात हे कसं? स्तन काढावाच लागतो का? बाळाला दुधातून काही झालं असेल का? मुंबईला न्यायचं की इथेच? सासरचे म्हणतात, सुई लावली म्हणून वाढलं. मी 28 वर्षांची आहे, मलाही भीती वाटते."

आधी बाळाचं सांगते. आईच्या दुधातून बाळाला कॅन्सर होत नाही. नऊ महिने पाजलं त्यात काहीही चुकलं नाही. रिपोर्टमधलं बाकी काही समजावण्याआधी ताईंना एवढं आजच सांगा. जळगावात सर्जरी करते त्याला बावीस वर्षं झाली. पदरात तान्हं मूल असलेली बाई स्वतःच्या जिवाबद्दल दुसरा प्रश्न विचारते; पहिला असतो "पोरीला काही झालं नाही ना?"

मात्र केमो सुरू होण्याआधी अंगावरचं तोडावं लागेल, कारण ती औषधं दुधात उतरतात. दूध आटवायला कॅबरगोलिनची गोळी मिळते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. छाती बांधून ठेवणं, मिरची लावणं असले प्रकार नकोत. नऊ महिन्यांचं बाळ मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं खातं. वरचं दूध कोणतं द्यायचं ते बालरोगतज्ज्ञ सांगतील. तसं बघितलं तर वैद्यकीयदृष्ट्या ही अडचण दोन ओळींची आहे. पण मागे एका आईने केमोच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी "अर्धा तास द्या" म्हटलं आणि पडद्याआड बसून बाळाला शेवटचं पाजलं. सासू बाहेर वाटी-चमचा घेऊन उभी. ती बाहेर आली, सही केली, आणि त्या दिवशी ओपीडीतली पुढची नावं पुकारायला आमची सिस्टर बराच वेळ उठली नाही. ताईंनाही असा अर्धा तास मिळू द्या.

आता सुईचं. "हत्यार लागलं की कॅन्सर खवळतो" ही आपल्याकडची समजूत रावेरपासून शिरपूरपर्यंत सारखीच ऐकू येते. ती आली कुठून, तेही दिसतं. माणूस डॉक्टरकडे पोचतो तोवर गाठ फुटायला आलेली असते. मग सुई लागते आणि सहा महिन्यांत माणूस जातो. लोकांना सुई दिसते, त्याआधीचं वर्ष दिसत नाही. कोअर बायोप्सीची सुई बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक असते. जागा बधिर करून तिने भिजलेल्या शेवईएवढे चार-पाच तुकडे काढतात. त्याने आजार पसरत नाही, आजाराची पायरी वाढत नाही. तीन महिन्यांत जे वाढलं ते सुईच्या आधी वाढलं. ग्रेड 3 म्हणजे पेशी वेगाने वाढणाऱ्या. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे; स्टेज म्हणजे आजार कुठवर गेलाय ते. हा घोळ नातेवाईक नेहमी करतात आणि "तिसऱ्या स्टेजचा आहे" म्हणून रडारड सुरू होते. ताईंच्या गाठीचं माप आणि काखेतली गाठ पाहता, बाकी तपासण्यांत काही निघालं नाही, तर ही बहुधा दुसरी स्टेज. बरं करण्याच्या उद्देशानेच उपचार होतात, अशी ही अवस्था आहे.

सुईला घाबरणारी मंडळी कापाकापीला मात्र घाबरत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. छोट्या गावात गाठ "काढून टाकली" जाते, भूल देऊन, अर्ध्या तासात. काढलेली गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासायला पाठवली जात नाही, किंवा नातेवाइकांच्या हातात देऊन पाठवतात आणि ती पिशवी घरी खुंटीला राहते. वर्षाने त्याच जागी पुन्हा गाठ आली की आमच्याकडे येतात, आणि पहिली गाठ कशाची होती याचा कागद नसतो. दुसरा प्रकार बिब्ब्याचा. गाठीवर बिब्ब्याचे डाग दिलेली, कातडी जळालेली छाती मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिली आहे. तुमच्या ताईंच्या बाबतीत निदान सुईने झालं, तेही कापण्याआधी. म्हणजे हे काम सरळ मार्गाने झालंय. सासरच्यांना एवढं सांगा.

एवढ्या कमी वयात कसं, याचं उत्तर मला ताईंपुरतं देता येत नाही, पण आकड्यांचं देता येतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण होत्या. बायकांमध्ये आता हाच कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे. युरोप-अमेरिकेत तो बहुतेक साठीच्या आसपास सापडतो, आपल्याकडे पन्नाशीच्या आसपास. यावरून आपल्या तरुणींना तो फार होतो असं नाही. आपल्या देशात तरुणीच जास्त आहेत. तरुण बाईच्या छातीतल्या दहा गाठींपैकी नऊ साध्याच निघतात. बोटाखालून घरंगळणारा फायब्रोॲडिनोमा, पाळीआधी दुखणारा गाठीगाठींचा भाग, दुधाची साठलेली गाठ, पू झालेली गाठ. आपल्याकडे स्तनाचा टीबीसुद्धा असतो, तो विसरू नये.

अडचण या नवांमुळेच होते. नऊ साध्या पाहिल्या की दहावीही साधीच वाटते. दुसऱ्या कुणाचं कशाला, माझंच सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी यावलकडची 27 वर्षांची मुलगी आली होती, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्न ठरलेलं. गाठ गोल, हलणारी. मी तपासलं, "फायब्रो आहे, लग्न होऊ दे, सहा महिन्यांनी दाखव" म्हटलं. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "बाई, एखादा फोटो काढायचा का?" मी नको म्हटलं, उगाच खर्च. ती अकरा महिन्यांनी आली तेव्हा स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. तिच्या जुन्या कागदावर माझ्या अक्षरात "सहा महिन्यांनी पुन्हा" लिहिलेलं होतं. त्या सोनोग्राफीला तेव्हा काहीशे रुपये लागले असते. त्या दिवसापासून वय बघून मी गाठीचं निदान करत नाही. हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), आणि जरुरीप्रमाणे सुई, या तिन्हींचं मत एक आलं तरच घरी पाठवते. तिन्हींपैकी एकानेही शंका काढली तर सुई पुन्हा.

पाजणाऱ्या बाईत हे आणखी अवघड. दुधाने स्तन भरलेला, जड, जागोजाग गाठी. डॉक्टरलाही हाताला फरक कळत नाही, आणि बाई स्वतः म्हणते, "दूध साचलंय." म्हणून मी एक साधी मुदत पाळते: लाल, तापलेली, दुखरी गाठ असेल तर प्रतिजैविकं द्यावीत, बाळाला पाजत राहावं, पण दोन आठवड्यांत गाठ पूर्ण विरघळली नाही तर सोनोग्राफी, त्याच आठवड्यात. पाजत असताना सोनोग्राफी, सुईची तपासणी, अगदी मॅमोग्राफीसुद्धा करता येते, बाळाला धोका नाही. ताईंच्या डॉक्टरांवर मी फार रागावणार नाही, पहिल्या पंधरा दिवसांत मीही तेच केलं असतं. त्यानंतरच्या अडीच महिन्यांचं मात्र मला समर्थन करता येत नाही.

आणि सगळा उशीर डॉक्टरांचा नसतो. "दुखस नही ना डॉक्टरबाई, मंग कसाले दखाडू?" हे वाक्य मी अहिराणीत जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कोणतं ऐकलं नसेल. सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून ती राहून जाते. मग कापूस वेचून होऊ दे, केळीचा घड उतरू दे, दिराचं लग्न होऊ दे. बिनलग्नाच्या मुलीच्या आईला तर स्थळ मोडायची भीती. गाठ आहे हे तिने आईला सांगितलेलं असतं आणि आईने तिला गप्प बसवलेलं असतं. उन्हाळ्यात आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यानंतरचे दोन आठवडे माझ्या ओपीडीत अशा मुली जास्त दिसतात. सासरी कुणाला सांगितलं नसतं, ते माहेरी मोठ्या बहिणीपाशी निघतं.

रिपोर्टकडे येऊ. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीवर तीन खुणा शोधतात: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन जिथे चिकटतात त्या दोन जागा, आणि हर-टू नावाचं प्रथिन. पहिल्या दोन असतील तर हार्मोनच्या गोळ्या चालतात, पाच ते दहा वर्षं. तिसरी असेल तर तिच्यावर नेमकं जाऊन बसणारं ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. त्याची भारतीय आवृत्ती निघाल्यापासून किंमत बरीच खाली आली. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. हा प्रकार तरुण बायकांत आणि आपल्या देशात जास्त दिसतो. त्यावर गोळी चालत नाही म्हणून लोक "औषध नसलेला कॅन्सर" म्हणतात, ते चूक आहे. केमोला तो चांगला वितळतो. आणि त्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा: उलटायचा असेल तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांत उलटतो. पाच वर्षं निघाली की पुढची वाट बरीच निर्धास्त असते. हार्मोनवाल्या कॅन्सरचं तसं नाही, तो पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.

ताईंना आधी केमो आणि नंतर ऑपरेशन सुचवतील, असं मी धरून चालते. घरच्यांना हे उलटं वाटतं, "आधी घाण काढा ना" म्हणतात. पण आधी केमो दिल्याने औषध लागू पडतंय का ते हाताला कळतं, गाठ लहान होऊन स्तन वाचवता येतो, आणि ऑपरेशननंतर आणखी औषध लागेल का हेही ठरतं. साधारण पाच-सहा महिने जातील. पहिल्या चार डोसांत एक लाल औषध असतं. त्यानंतर दिवसभर लघवी लालसर होते. ते रक्त नाही, घाबरून रात्री गाडी करून येऊ नका. पुढे पॅक्लिटॅक्सेल, बहुधा दर आठवड्याला. त्याच्या जोडीला कार्बोप्लॅटिन देणार का, हे स्पष्ट विचारा. टाटा मेमोरियलने सातशेहून अधिक ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर केलेला अभ्यास 2022 च्या शेवटी मांडला. त्यात पन्नाशीच्या आतल्या बायकांना कार्बोप्लॅटिनचा ठळक फायदा दिसला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 66 वरून 77 टक्क्यांवर गेलं. औषध जुनं आणि स्वस्त. परदेशात याच जागी लाखोंची इम्युनोथेरपीही जोडतात. परवडत असेल तर चर्चा करा, पण नाही परवडली म्हणून जमीन विकायला निघू नका. असं निघालेलं एक कुटुंब मी बसवून परत पाठवलं आहे.

केमोच्या आधी दोन कामं राहता कामा नयेत. एक, गाठीच्या जागी छोटी क्लिप बसवणं. गाठ पूर्ण विरघळली, म्हणजे सगळ्यांत चांगलं झालं, तर नेमकं कुठे कापायचं हे सर्जनला क्लिपशिवाय सापडत नाही. दुसरं, हृदयाची टूडी इको. बाकी सीटी, बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन ते सांगतीलच.

ताईंना आणखी मूल हवं आहे का, हे कुणी विचारणार नाही, कारण "दोन झाली की" असं सगळे धरून चालतात. तिला विचारा, तिला एकटीला. केमोने अंडाशय दुबळे होतात, कधी पाळी कायमची जाते. केमोच्या आठवडाभर आधीपासून दर 28 दिवसांनी गोसेरेलिनचं इंजेक्शन दिल्याने अंडाशय वाचण्याची शक्यता वाढते. बीज गोठवायचं असेल तर दोनेक आठवडे लागतात आणि ते केमोआधीच करावं लागतं. उपचार पार पडल्यावर दोन-तीन वर्षांनी दिवस राहिले तर त्याने कॅन्सर उलटतो असं दिसलेलं नाही. उपचार चालू असताना मात्र दिवस राहता कामा नयेत, आणि पाजणाऱ्या बाईला पाळी नसली तरी दिवस राहू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. तांबी किंवा निरोध. हे मी नवऱ्याला समोर बसवून सांगते. मान खाली घालून का होईना, ऐकतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, स्तन काढावाच लागतो का. नाही. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी गाठीपुरतं कापून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं यांची तुलना केली. वीस वर्षांचे निकाल 2002 मध्ये आले. आयुष्य दोन्हींत सारखंच. वय कमी आहे म्हणून स्तन काढावा, हे कारण होत नाही. गाठी अनेक ठिकाणी असतील, केमोनंतरही मोठी राहिली, किंवा जनुकाचा रिपोर्ट तसा आला, तर गोष्ट वेगळी. आपल्या भागात स्तन काढण्याचं खरं कारण पुष्कळदा एसटी असते. स्तन वाचवला की रेडिएशन लागतंच, म्हणजे साधारण तीन आठवडे रोज मशीनपर्यंत जाणं. अमळनेर किंवा नवापूरकडची बाई म्हणते, "काढूनच टाका, रोज कोण आणणार मला?" मी ते ऐकते, पण सही घेण्याआधी एवढं सांगते की काखेत गाठ निघालेल्या बाईला स्तन काढूनही लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यावीच लागते बहुतेकदा. मग एसटी वाचत नाही आणि स्तनही जातो. काही ठिकाणी आता पाच दिवसांतही रेडिएशन संपवतात. ताईंना ते लागू पडतं का, एवढं रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा.

मुंबईला न्यायचं का? एकदा न्या. फाईल टाटाला दाखवून उपचारांचा आराखडा ठरवून घ्या, केमो मात्र घराजवळ घ्या. टाटाच्या पुढाकाराने 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. त्यातली रुग्णालयं एकसारख्या पद्धतीने उपचार करायचा प्रयत्न करतात. जळगाव, धुळे, नाशिक इथे केमो नीट देता येते. दर तीन आठवड्यांनी परळला जाणं, नऊ महिन्यांचं बाळ मागे ठेवून, हे चौथ्या डोसापर्यंत माणसाला मोडतं. मग लोक उपचारच सोडतात, आणि अर्धवट केमोइतकं वाईट काही नाही. जाल तेव्हा रात्रीच्या गाडीने दादरला पहाटे पोचता. उतरायला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे पुष्कळ रुग्ण राहतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्यालाही मोठी सूट. रुग्णालयाकडून त्याचा फॉर्म भरून घ्या. नेताना फक्त रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. लॅबवाले सही घेऊन देतात. तो एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे, एका कुटुंबाचा वितळला होता.

पैशाचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा. पहिला डोस रोखीने घेऊन नंतर योजना शोधू असं करू नका, मंजुरी आधी लागते. केमो योजनेत आहे पण रेडिएशन नाही, असंही एखाद्या ठिकाणी असतं, म्हणून दोन्ही आधीच विचारा. ही सगळी जुळवाजुळव करायला दोन आठवडे गेले तर बिघडत नाही. दोन महिने गेले तर बिघडतं.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. केमोनंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. त्या काळात थर्मामीटरवर 100.4 च्या वर ताप गेला तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. कॅन्सरने नव्हे, त्या एका रात्रीच्या वाट पाहण्याने गेलेली माणसं मी पाहिली आहेत. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. पारोळ्याहून रात्री कुठली गाडी, कुणाचा नंबर, हे आधी ठरवून ठेवा.

केस दोन-तीन आठवड्यांनी जातात आणि परत येतात. आपल्याकडे डोक्यावर पदर असतो म्हणून गावात निभावतं, असं बायकाच सांगतात. ऑपरेशनच्या बाजूचा हात मात्र कायम जपायचा: त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, जड हंडा नाही. ताई शेतात जात असतील तर कापूस वेचताना त्या हातात मोजा घाला. वाळलेल्या बोंडाच्या टोकाने ओरखडा पडला, त्यातून हात सुजला, आणि ती सूज मग वर्षानुवर्षं उतरली नाही, असं होतं. तुम्हाला हे फार पुढचं वाटेल. पुढच्या दिवाळीला वेचणी येतेच.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय, घरात कुणालाच कॅन्सर नाही, आणि पुढच्याच वाक्यात लिहिलंय, आत्या चाळिशीत पोटात पाणी होऊन गेली. पोटात पाणी यकृताने होतं, टीबीने होतं, आणि अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं. मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवून दिलं की काही घराण्यांत स्तनाचा कॅन्सर 17व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे चालत येतो. तेच पुढे बीआरसीए-1 म्हणून ओळखलं गेलं. त्यात बिघाड असलेल्या बाईला स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सर होऊ शकतात, आणि तिचा स्तनाचा कॅन्सर पुष्कळदा ट्रिपल निगेटिव्ह असतो. हा बिघाड वडिलांकडूनही येतो. लोक फक्त आईकडचा इतिहास सांगतात, वडिलांकडच्या आत्या मोजतच नाहीत.

म्हणून ताईंची बीआरसीए तपासणी करून घ्या. रक्ताची असते, काही हजारांत होते, निकालाला तीन-चार आठवडे लागतात. केमो त्यासाठी थांबवू नका. ट्रिपल निगेटिव्ह असल्याने ती तशीही करायलाच हवी, कारण निकालावर ऑपरेशन आणि पुढचं औषध, दोन्ही अवलंबून असतं. ताईंमध्ये बिघाड निघाला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या भावातही तितकीच. मग तुमच्या रक्तात तेवढा एकच बिघाड शोधायचा, तो नसेल तर तुमचा धोका इतर कुठल्याही मुलीइतका. असेल तर दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफीही, आणि मुलं झाल्यावर अंडाशय काढण्याचा विचार. बिघाड निघालाच नाही, तरी बहिणीला कमी वयात झालाय म्हणून तुमच्यावर वर्षातून एकदा डॉक्टरांचा हात फिरायला हवा.

कुठल्या तरी शिबिरात जाऊन आज मॅमोग्राफी करू नका. तुमच्या वयात स्तन घट्ट असतो, त्या फोटोत गाठ पांढऱ्यात पांढरी दिसते. दर ऑक्टोबरला कॉलेजच्या मुलींना रांगेत उभं करून मॅमोग्राफी करणाऱ्या मंडळींशी मी दरवर्षी भांडते. मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं चाललेल्या टाटाच्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू त्याने जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, पन्नाशीआतल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे तुमच्या वयाला शिबिर उपयोगाचं नाही. पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने आपला स्तन आपल्याला ओळखीचा असू द्या. नवीन काही लागलं आणि पुढच्या पाळीनंतरही गेलं नाही, स्तनाचं बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर दाखवा. दुखत नसलं तरी.

आत्याचे कागद सापडतात का बघा. पंचवीस वर्षांपूर्वीची फाईल असली तरी चालेल, त्या वेळी लोक कागद पत्र्याच्या पेटीत ठेवत. कागद नसतील तर तिच्या मुलांना विचारा, पोटातून काढलेलं पाणी कुठे तपासायला दिलं होतं आणि डॉक्टर काय म्हणाले होते. ते लिहून आणा, ताईंच्या फाईलच्या पहिल्या पानावर लावायचं आहे.